दोन किनाऱ्यांचा राजा

मंडळी, दिवाळी येते ती ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या आसपास. आपण सगळे फराळाच्या ऑर्डरी, आकाशकंदील आणि मंडळाच्या कार्यक्रमाच्या तालमी यांत बुडालेलो असतो. पण ऑक्टोबर हा मोठमोठ्या माणसांच्या जाण्याचाही महिना आहे. शिर्डीचे साईबाबा गेले ते १५ ऑक्टोबर १९१८ ला, दसऱ्याच्या दिवशी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला. जयप्रकाश नारायण ८ ऑक्टोबर १९७९ ला, किशोरकुमार १३ ऑक्टोबर १९८७ ला. आमच्या कॉम्प्युटरवाल्यांच्या कुळात तर या महिन्यात रांगच आहे. ज्यांना आम्ही मूळ पुरुष मानतो ते चार्ल्स बॅबेज १८ ऑक्टोबर १८७१ ला गेले. आणि २०११ चा ऑक्टोबर आठवा! ५ तारखेला स्टीव्ह जॉब्स, १२ तारखेला 'सी' भाषेचा जनक डेनिस रिची आणि २४ तारखेला लिस्प भाषा तयार करणारे जॉन मॅकार्थी. जॉब्स गेल्यावर जगभर मेणबत्त्या लागल्या. रिची गेल्याचं आमच्यासारख्या चार प्रोग्रॅमर्सना कळलं. असो.

या यादीत आणखी एक नाव आहे, जे आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेलं नसतं. १९ ऑक्टोबर १८५६. त्या दिवशी सेशेल्स बेटांजवळ, भर समुद्रात, 'व्हिक्टोरिया' नावाच्या जहाजावर पासष्ट वर्षांच्या एका राजाने प्राण सोडला. एका टोकाला मस्कत, दुसऱ्या टोकाला झांझिबार आणि मध्ये सगळा समुद्र, असं त्यांचं राज्य होतं. नाव सय्यद सईद बिन सुलतान. आपण ज्या देशात राहतो, पगार घेतो, मुलं वाढवतो, त्या देशाचे हे पन्नास वर्षं राज्य केलेले राजे. आजचं ओमानचं राजघराणं त्यांच्याच वंशातलं.

मी काही इतिहासाचा माणूस नाही. डिग्री कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची, पोटापाण्याचा धंदा आयटी कन्सल्टन्सीचा. पण गेली काही वर्षं या माणसाविषयी मिळेल ते वाचतोय आणि जितकं वाचावं तितकं वाटतं, की हा माणूस आपल्यासारख्या दोन घरं असलेल्या लोकांनी ओळखायलाच हवा. त्यात आपल्या मुंबईचा संबंध तर पावलोपावली येतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

सुमाइलचा मुलगा

निझवाला जाताना वाटेत सुमाइल लागतं. खजुरीच्या बागा आणि किल्ल्यांचं गाव. तिथे १७९१ साली सईदचा जन्म झाला. आजोबा इमाम अहमद बिन सईद हे आल बू सईद घराण्याचे संस्थापक. वडील सुलतान बिन अहमद मस्कतचे राज्यकर्ते. (म्हणजे नावातला 'सुलतान' हा किताब नव्हे, वडिलांचं नाव! आपल्याकडे मधलं नाव लावतात तसंच.)

नोव्हेंबर १८०४ मध्ये वडील इराणच्या किनाऱ्याजवळ लिंगे बंदराच्या परिसरात समुद्रावरच्या चकमकीत मारले गेले. मुलगा तेरा वर्षांचा. राज्यावर डोळा ठेवून काका-चुलते, वाळवंटातून चालून येणारे वहाबी, समुद्रावर कासिमी जहाजं. अशा वेळी घर सांभाळलं ते आत्याने. बीबी मोझा बिंत अहमद. पुतण्याच्या नावाने तिने कारभार हातात घेतला. मस्कतला वेढा पडला तेव्हा ती पुरुषी वेषात रात्री पहाऱ्यांवर फिरत असे आणि दारूगोळा संपल्यावर तोफांत खिळे, खडे, शेवटी चांदीची नाणीसुद्धा भरली गेली, अशी कथा सईदच्या मुलीने पुढे लिहून ठेवली आहे. कथेत थोडं मीठमसाला असेलही, पण आपल्याला जिजाबाई आणि ताराबाई माहीत असल्यामुळे ही आत्या लगेच ओळखीची वाटते.

मदतीला म्हणून चुलतभाऊ बद्र बिन सैफ याला बोलावलं होतं. तो मदतनीसाचा मालक होऊन बसला. १८०६ साली बरका इथे पंधरा वर्षांच्या सईदने खंजिराचा वार केला आणि बद्रचा अंत झाला. पुण्यात जन्मलेल्या माणसाला चुलत्या-पुतण्यांच्या कथा नवीन नसतात, पण तरीही हा प्रसंग वाचताना मी थबकलो. आज बरक्याला आपण मुलांना घेऊन किल्ला बघायला जातो, फोटो काढतो, येताना शावर्मा खातो. त्याच गावात एका पोराने स्वतःच्या रक्ताच्या नात्यावर हात उचलून राज्य मिळवलं. ते पुढे पन्नास वर्षं टिकवलं, हे खरं. पण सुरुवात कशी झाली, तेही खरं.

मुंबई शेजारी होती

नकाशा उघडून बघा. मस्कतहून मुंबई ही जवळची, मोठी, ओळखीची. त्या काळात तर विचारायलाच नको. मस्कतची खजूर, सुकी मासळी, घोडे, मोती मुंबईला जात. तिकडून तांदूळ, कापड, लाकूड येई. (गंमत म्हणजे आपला रुपया मस्कतच्या बाजारात १९७० पर्यंत चालत होता!)

लढायांतही मुंबईच. १८२० साली जालानच्या बनी बू अली टोळीवर सईद आणि इंग्रज यांची संयुक्त मोहीम निघाली. सूरच्या बाजूला फिरायला गेलेल्यांना हे गाव माहीत असेल. कॅप्टन थॉम्सनच्या हाताखाली मुंबई फौजेचे देशी शिपाई होते. त्या फौजेत तेव्हा कोकणातली भरती भरपूर असे. म्हणजे रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडची आपली माणसं आपल्याआधी दोनशे वर्षं ओमानच्या वाळूत येऊन गेली आहेत, व्हिसाशिवाय! त्या लढाईत मोठा पराभव झाला, शेकडो शिपाई मारले गेले. एका जखमी तोफवाल्याला वाचवायला गेलेले सईद स्वतः हाताला गोळी लागून जखमी झाले. पुढच्या वर्षी मुंबईहून जनरल लायोनेल स्मिथ मोठी फौज घेऊन आला, तेव्हा कुठे विजय मिळाला.

पण सईदचं मुंबईवरचं खरं प्रेम होतं ते जहाजांसाठी. मुंबईच्या गोदीत पारशी वाडिया कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या जहाजं बांधत होतं. मलबारचं सागवान, वाडियांची कारागिरी. इंग्लंडच्या ओक लाकडाच्या जहाजांपेक्षा ही जहाजं जास्त टिकत. सईदनी १८२६ साली मुंबईत ७४ तोफांचं 'लिव्हरपूल' नावाचं प्रचंड युद्धजहाज बांधून घेतलं. ते चालवायला माणसं लागायची फार आणि खर्चही फार. मग १८३६ च्या सुमारास त्यांनी ते चक्क इंग्लंडचे राजे चौथे विल्यम यांना भेट देऊन टाकलं! इंग्रजांनी त्याचं नाव ठेवलं 'इमाम'. आता गंमत बघा, सईद स्वतः कधी इमाम म्हणून निवडले गेलेच नव्हते. ते स्वतःला सय्यद म्हणवीत. पण इंग्रज त्यांना 'मस्कतचे इमाम' म्हणत राहिले आणि तेच चुकीचं नाव जहाजावर चढलं. मुंबईच्या सागवानाचं हे जहाज शेवटी कुठे गेलं? वेस्ट इंडिजमध्ये, जमैकाच्या पोर्ट रॉयल बंदरात. क्रिकेटच्या आधी मुंबईचं जमैकाशी असंही नातं होतं म्हणायचं!

माझगावचं जहाज न्यूयॉर्कला

दुसरं जहाज 'सुलताना'. १८३३ साली मुंबईत, माझगावला बांधलेलं. याची कथा मला सगळ्यांत आवडते.

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरचा एडमंड रॉबर्ट्स नावाचा व्यापारी 'पीकॉक' या युद्धजहाजावरून मस्कतला आला आणि २१ सप्टेंबर १८३३ रोजी अमेरिका आणि मस्कत यांच्यात मैत्रीचा आणि व्यापाराचा करार झाला. आयात मालावर पाच टक्के जकात, बस्स. अटी सोप्या, भाषा सरळ. दोन वर्षांनी मंजूर झालेला करार घेऊन रॉबर्ट्स परत येत असताना 'पीकॉक' मसिरा बेटाजवळ खडकावर चढलं. आपण कासवं बघायला जातो तेच मसिरा. रॉबर्ट्स छोट्या होडीतून कसाबसा मस्कतला पोचला. सईदनी ताबडतोब 'सुलताना' पाणी, अन्न आणि मदत घेऊन पाठवली.

मग १८४० साली हीच 'सुलताना' थेट न्यूयॉर्कला निघाली. झांझिबारहून आफ्रिकेला वळसा घालून, सेंट हेलेना बेटावरून ती ३० एप्रिल १८४० ला न्यूयॉर्क बंदरात शिरली. अमेरिकेला भेट देणारं पहिलं अरबी जहाज. सुएझ कालवा नव्हता, तार नव्हती. जहाजाचा दिशादर्शक विल्यम स्लीमन हा इंग्रज दारूत बुडालेला. सगळी मदार सईदचे विश्वासू अहमद बिन नामान यांच्यावर. पोटात खजूर, कॉफी, लवंगा, हस्तिदंत, कातडी, गालिचे. राष्ट्राध्यक्ष व्हॅन ब्युरन यांच्यासाठी दोन अरबी घोडे, मोती, इतर मौल्यवान वस्तू. पण अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार राष्ट्राध्यक्षाला परकीय राजाकडून भेट घेता येईना! शेवटी काँग्रेसच्या परवानगीने भेटी सरकारजमा झाल्या आणि घोडे विकले गेले. अमेरिकेच्या नौदलाने मात्र ब्रुकलिनच्या गोदीत सरकारी खर्चाने 'सुलताना'ची पूर्ण डागडुजी करून दिली. अहमद बिन नामान यांचं चित्र एडवर्ड मूनी या चित्रकाराने तिथे काढलं. पागोटं, दाढी, शांत नजर. इंटरनेटवर शोधलंत तर नक्की सापडेल, मुलांना दाखवा.

ऑगस्टमध्ये जहाज परत निघालं. तेव्हापासून अमेरिकन कापड इकडे इतकं आलं, की पूर्व आफ्रिकेत जाड्याभरड्या मांजरपाटाला 'मेरिकानी' असंच नाव पडलं.

व्यापाऱ्याचं डोकं

सईदकडे मोठं खडं सैन्य नव्हतं. मुलूख विस्कळीत, टोळ्या स्वतंत्र वृत्तीच्या. त्यांनी ओळखलं, की आपली ताकद जमिनीवर नाही, पाण्यावर आहे. आणि पाण्यावर राज्य करायचं तर तलवारीपेक्षा हिशोब पक्का पाहिजे. अमेरिकेपाठोपाठ १८३९ मध्ये ब्रिटनशी आणि १८४४ मध्ये फ्रान्सशी व्यापारी करार झाले. जकात कमी, कटकट कमी. आजच्या भाषेत 'ईझ ऑफ डुइंग बिझनेस'.

जकातीचा मक्ता त्यांनी कच्छच्या भाटिया व्यापाऱ्यांना दिला. झांझिबारला जैराम शिवजी या मुंद्र्याच्या पेढीकडे हा मक्ता वर्षानुवर्षं होता. पेढीने ठरलेली रक्कम राजाला द्यायची, जकात स्वतः गोळा करायची, नफा-तोटा पेढीचा. राजाला गरज पडली तर कर्जही हीच पेढी देणार. मस्कतमध्ये तर हिंदू व्यापारी सईदच्याही आधीपासून होते. १७६५ मध्ये आलेल्या कार्स्टन नीबूर या प्रवाशाने इथे सुमारे बाराशे बनिया राहतात, आपल्या चालीरीती पाळतात आणि मृतांना अग्नी देतात अशी नोंद केली आहे. सईदनीही ही मोकळीक तशीच ठेवली. जुन्या मस्कतच्या शिवमंदिरात महाशिवरात्रीला आपण रांगेत उभे राहतो, तेव्हा त्या मोकळिकीला अडीचशेहून जास्त वर्षं झाली आहेत, एवढं लक्षात असू द्यावं.

लवंगा आणि त्यांची किंमत

१८२८ मध्ये सईद पहिल्यांदा झांझिबारला गेले आणि त्या बेटाच्या प्रेमातच पडले. मस्कतचे उघडे तापलेले डोंगर पाहिलेल्या माणसाला हिरवंगार, पाऊस पडणारं बेट दिसल्यावर काय वाटलं असेल, हे पहिल्या पावसात कोकणात उतरणाऱ्या आपल्यापैकी कुणालाही सांगायला नको! मटोनी इथे राजवाडा बांधला. १८३२ पासून मुक्काम वाढत गेला आणि १८४० पर्यंत राजधानीच तिकडे गेली. मस्कतहून जवळजवळ चार हजार किलोमीटर दूर. ये-जा मोसमी वाऱ्यांवर. हिवाळ्यात ईशान्येचा वारा जहाजं आफ्रिकेकडे नेणार, एप्रिलनंतर नैऋत्येचा वारा परत आणणार. वारा चुकला तर सहा महिने थांबा. आपण 'फ्लाइट दोन तास लेट' म्हणून वैतागतो!

लवंगेचं झाड झांझिबारला नुकतंच आलेलं होतं. सईदनी त्यात भविष्य ओळखलं आणि हुकूम काढला: प्रत्येक नारळामागे तीन लवंगेची झाडं लावायची, न लावल्यास जमीन जप्त. काही दशकांतच झांझिबार आणि शेजारचं पेंबा बेट लवंगेच्या व्यापारात जगात पहिलं झालं. आपल्या आज्यांच्या गोड्या मसाल्यातली लवंगही मुंबईला बहुधा तिकडूनच उतरत असणार.

पण इथे एक गोष्ट झाकून ठेवून चालणार नाही. लवंगा तोडणारे हात गुलामांचे होते. आफ्रिकेच्या आतल्या भागातून माणसं पकडून, साखळ्यांत बांधून किनाऱ्यावर आणायची आणि झांझिबारच्या बाजारात विकायची, हा व्यापार सईदच्या राज्यात वाढला आणि त्यावरची जकात तिजोरीत येत होती. इंग्रजांच्या दबावाखाली १८२२ आणि १८४५ मध्ये त्यांनी निर्बंधाचे करार केले. दुसऱ्या करारानंतर आफ्रिकेतल्या मुलुखाबाहेर गुलाम पाठवायला बंदी आली. यात त्यांचं उत्पन्न बुडालं, हेही खरं; पण बेटावरची गुलामी तशीच राहिली. झांझिबारचा बाजार बंद झाला तो त्यांच्या मुलाच्या, बरगशच्या काळात, १८७३ साली, आणि गुलामगिरीची कायदेशीर मान्यता गेली ती १८९७ मध्ये. राजा दिलदार होता, दरबारात साध्या माणसाचंही ऐकून घ्यायचा, सगळ्या धर्मांना सांभाळायचा, असं सगळे सांगतात आणि ते खोटं नाही. त्याच राजाच्या बागांत माणसं विकत घेऊन राबवली जात होती, हेही खोटं नाही. मुलांना सांगताना दोन्ही सांगावं, असं मला वाटतं.

घरातली माणसं

सईदच्या मुख्य पत्नी अझ्झा बिंत सैफ. त्यांना मूल राहिलं नाही. बाकी मुलं झाली ती विकत आणलेल्या स्त्रियांपासून. अशा स्त्रियांच्या मुलांना मात्र राजपुत्र-राजकन्यांचे पूर्ण हक्क. वडील गेले तेव्हा आपण छत्तीस भावंडं हयात होतो, असं त्यांच्या मुलीने नोंदवलं आहे. ही मुलगी म्हणजे सालमे. जन्म १८४४, आई सर्केशियन. मुलींना लिहायला शिकवायची पद्धत नव्हती, तर हिने उंटाच्या खांद्याच्या हाडावर कुराणातली अक्षरं गिरवून चोरून लिहायला शिकून घेतलं! पुढे एका जर्मन व्यापाऱ्यावर प्रेम बसलं, १८६६ मध्ये बेट सोडलं, धर्म बदलला, लग्न केलं, जर्मनीत गेली. १८७० मध्ये ट्रामच्या अपघातात नवरा गेला. तीन लहान मुलं, परका देश, परकी भाषा. १८८६ साली तिने जर्मन भाषेत आत्मचरित्र छापलं. वडिलांविषयी घरातून लिहिलेलं जे काही आपल्याला मिळतं, ते बरंचसं तिच्यामुळे. (गुलामीची बाजू तिने बऱ्यापैकी सावरून घेतली आहे, ते मात्र वाचताना खटकतं.) १९२४ मध्ये ती जर्मनीतच गेली. तिच्या सामानात झांझिबारच्या किनाऱ्यावरची वाळू जपून ठेवलेली होती. गावची माती पुडीत बांधून ठेवणारी माणसं सगळ्या भाषांत असतात.

शेवटचा प्रवास

१८५४ मध्ये इराणच्या किनाऱ्यावर बंदर अब्बासचा प्रश्न पेटला. सईद पुन्हा ओमानला आले. याच वर्षी त्यांनी सलालाच्या पुढच्या समुद्रातली कुरिया मुरिया बेटं राणी व्हिक्टोरियाला देऊन टाकली. मोबदला काही नाही. राणीकडून परतभेट म्हणून आली तपकिरीची एक डबी! (ही बेटं ओमानला १९६७ मध्ये परत मिळाली.) ओमानमध्येच असताना झांझिबारहून बातमी आली, की तिकडचा कारभार बघणारा मुलगा खालिद वारला. इराणशी तह झाला तो १८५६ मध्ये, आणि तोही मनासारखा नाही.

१५ सप्टेंबर १८५६ ला ते मस्कतहून निघाले. बरोबर धाकटा मुलगा बरगश. निघताना त्यांनी जहाजावर फळ्या चढवायला सांगितल्या आणि वाटेत कुणी गेलं तर त्याला समुद्रात सोडू नका, पेटीत ठेवून झांझिबारला न्या, असं बजावलं, असं सांगतात. वाटेत मांडीची जुनी जखम चिघळली, त्यात जोराची हगवण लागली. १९ ऑक्टोबरला सगळं संपलं. ज्याचे वडील समुद्रावर गेले, तोही समुद्रावरच गेला. ना मस्कतला, ना झांझिबारला. दोन्हींच्या मध्ये.

मृतदेह झांझिबारला पोचल्यावर बरगशने रात्रीच गुपचूप दफन उरकलं आणि सत्ता हातात घ्यायचा प्रयत्न केला, पण तो फसला. गादीवर बसला दुसरा भाऊ माजिद. मस्कतला थोरला थुवैनी. दोघांचंही म्हणणं, सगळं राज्य माझं. आता न्याय कोण करणार? हिंदुस्थानचे गव्हर्नर जनरल लॉर्ड कॅनिंग! मुंबई सरकारने चौकशीसाठी कमिशन नेमलं आणि २ एप्रिल १८६१ ला निवाडा झाला. राज्याचे दोन तुकडे. झांझिबार श्रीमंत म्हणून त्याने मस्कतला दरवर्षी चाळीस हजार मारिया तेरेसा रियाल द्यायचे. हरलेल्या बरगशला दरम्यान दोन वर्षं मुंबईत पाठवून दिलं होतं. १८६६ मध्ये थुवैनीचा खून त्याच्याच मुलाने सोहारला केला. पुढे काही वर्षं मुंबईत काढलेला आणखी एक भाऊ, तुर्की, १८७१ मध्ये मस्कतच्या गादीवर आला. सुलतान काबूस आणि आजचे सुलतान हैथम हे याच तुर्कींच्या वंशातले.

झांझिबारमधलं अरबी राज्य जानेवारी १९६४ च्या क्रांतीत संपलं. त्यात अनेकांचे जीव गेले, हजारोंना बेट सोडावं लागलं. १९७० नंतर त्यातली कित्येक कुटुंबं ओमानला परत आली, पूर्वजांच्या देशात, जो त्यांनी स्वतः पाहिलेलाही नव्हता. आपल्या ऑफिसांत चहाच्या सुट्टीत आपसांत स्वाहिली बोलणारे ओमानी सहकारी दिसतात ना, ती ही मंडळी. माझ्या टीममध्येही आहेत. एकदा मी त्यातल्या एकाला विचारलं, तुझं गाव कुठलं? तो जरा थांबला आणि हसला. मीही हसलो, कारण तो प्रश्न मला कुणी विचारला की माझंही तसंच होतं.

कागद जुना झाला होता

आता शेवटचा मुद्दा, माझ्या धंद्यातला. कुठलीही सिस्टीम बघायला गेलं की आम्ही पहिला प्रश्न विचारतो, ही कुठल्या एका गोष्टीवर उभी आहे? ती पडली तर काय? सईदचं राज्य एका माणसावर उभं होतं. टोळ्यांचे शेख त्यांना मानत, भाटिया पेढी त्यांना कर्ज देई, अमेरिकन आणि इंग्रज वकील त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवत. सगळे धागे एकाच हातात. हात गेला, धागे सुटले.

त्यांनी विचार केला नव्हता असंही नाही. १८४४ मध्येच त्यांनी लंडनला परराष्ट्रमंत्र्यांना पत्र लिहून कळवलं होतं, की माझ्यामागे आफ्रिकेचा मुलूख खालिदला आणि ओमान थुवैनीला. म्हणजे कागद होता. पण खालिद १८५४ मध्ये गेला आणि त्यानंतरची स्पष्ट, सगळ्या मुलांना मान्य अशी व्यवस्था झाली नाही. इराणचा प्रश्न, प्रवास, तब्येत; राहून गेलं. प्रवासात कुणी मेलं तर काय करायचं, याच्या फळ्या त्यांनी आठवणीने बरोबर घेतल्या. मागे राहिलेल्यांनी काय करायचं, ते मात्र बारा वर्षांपूर्वीच्या पत्रात राहिलं.

मंडळी, आपली राज्यं काही एवढी मोठी नाहीत. पुण्याला किंवा ठाण्याला एक फ्लॅट, गावी वडिलांच्या नावावरची थोडी जमीन, इथे बँकेत खातं, तिकडे एलआयसी, मुलं उद्या कॅनडात का बंगळुरात ते माहीत नाही. पण आपणही दोन किनाऱ्यांवर राहतो आणि दोन्हीकडचे धागे बहुतेक घरांत एकाच माणसाच्या डोक्यात असतात. पासवर्ड त्यालाच माहीत, भाडेकरूचा फोन त्याच्याकडेच, सातबाऱ्यावर आजोबांचं नाव तसंच. नॉमिनी म्हणून कधीतरी नोकरीला लागताना घातलेलं नाव. लग्नाच्या आधीचं!

दिवाळीत आपल्याकडे चोपडीपूजन असतं, पण हल्ली चोपड्या राहिल्या नाहीत. मी या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी एक वही करायची ठरवली आहे. साधी, शंभरपानी. कुठे काय आहे, कुणाच्या नावावर आहे, कुणाला विचारायचं, सगळं मराठीत आणि इंग्रजीत. एक प्रत इथे, एक पुण्याला आईबाबांकडे. बायकोने आधीच बजावलंय, की दर वर्षी अपडेट केली नाहीस तर उपयोग नाही, आणि तिचं बरोबरच आहे. पहिल्या पानावर वडिलोपार्जित घराचा विषय लिहायचा आहे. तो विषय काढायला धाकट्या भावाला फोन करावा लागेल. गेली चार वर्षं आम्ही दोघंही तो टाळतोय. भाऊबीजेच्या आत करीन म्हणतो.

सर्वांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा!